पुन्हा बाप्तिस्मा कशाला?

शंका : आमची मुलगी चर्च ऑफ नॉर्थ इंडियातली, तिचा बाप्तिस्मा तान्हेपणी झाला. ठरलेला मुलगा एका स्वतंत्र पेंटेकॉस्टल मंडळीतला आहे. तिथले पाळक म्हणतात, पाण्यात बुडवून पुन्हा बाप्तिस्मा घेतल्याशिवाय लग्न लावणार नाही. मग ख्रिस्ती ऐक्य, ऐक्य म्हणतात ते कशाला? – एक आई

समाधान : ऐक्य म्हणजे सगळ्यांची एकच उपासना आणि एकच कारभार, हा समज आधी सोडा. करिंथच्या मंडळीत कोणी पौलाचा, कोणी अपुल्लोसाचा अशी चढाओढ लागली, तेव्हा पौलाने त्यांना बाप्तिस्म्याचीच आठवण दिली : तो माझ्या नावाने झाला होता का? त्या पहिल्या पत्रातला हा सवाल मला पुरेसा वाटतो. ज्याच्या नावाने बाप्तिस्मा झाला तो एक, म्हणून माणसे एक. बाकीचे भेद राहिले तरी चालते. आणि आपल्याकडचे भेद तरी आपले कुठे आहेत? नगरला अमेरिकन मराठी मिशन आले म्हणून तिथले लोक काँग्रिगेशनल झाले, कोल्हापूरला अमेरिकन प्रेस्बिटेरियन आले म्हणून तिथले प्रेस्बिटेरियन. शास्त्र पडताळून पंथ निवडणारे थोडेच. ही फूट बाहेरून लादलेली आहे, असे १९१९ मध्ये तरंगमबाडीला जमलेल्या बिशप अझारिया आदी पुढाऱ्यांनी उघड म्हटले. त्यातून १९४७ मध्ये चर्च ऑफ साउथ इंडिया उभे राहिले. उत्तरेत वेगळी बोलणी होऊन २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात तुमचे चर्च झाले.

तान्ह्याला श्रद्धा कळत नाही, मग तो बाप्तिस्मा कसला, हा आक्षेप पोकळ नाही. बॅप्टिस्ट हेच मानतात. पण नागपुरात एक झालेल्या सहा मंडळ्यांत तेही होते आणि तान्ह्यांना बाप्तिस्मा देणारे अँग्लिकनही. मत कोणीच सोडले नाही. नव्या चर्चमध्ये दोन्ही रीतींना जागा ठेवली. रोमन कॅथलिक चर्चसुद्धा पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्म्याच्या नावाने झालेला प्रॉटेस्टंट बाप्तिस्मा खरा धरते.

मग अडते कुठे? काही पाळकांचे मत प्रामाणिक असते, हे मान्य. पण पुष्कळदा अडते ते सभासदांच्या यादीपाशी. दुसऱ्या मंडळीतले तयार कुटुंब पाण्यातून काढले की आकडा वाढतो, दशमांश वाढतो, आणि सुवार्ता पसरवल्याचे श्रेय फुकट मिळते. ऐन लग्नाच्या तोंडावर ही अट घालणे म्हणजे तर सरळ अडवणूक. अर्थात एक झालेल्यांनीही फुशारकी मारू नये. मिशनच्या बंगल्यांवरून आणि जमिनींवरून एकाच वेदीपुढे गुडघे टेकणारे लोक वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात, आणि तिथे बाप्तिस्म्याच्या रीतीचा प्रश्न कोणी काढत नाही.

मुलीचा बाप्तिस्म्याचा दाखला त्या पाळकांपुढे ठेवा. तरी ऐकले नाही तर लग्न तुमच्याच चर्चमध्ये लावा. कायद्याला ते तितकेच मान्य आहे. कोणाच्या अटीखातर मुलीला दुसऱ्यांदा पाण्यात उतरवू नका.