राजकन्या सुटल्यावर



गेल्या आठवड्यात घरभेटीला गेलो तेव्हा एक मुलगा ‘सुपर मारिओ’ खेळत होता. १९८५ साली जपानच्या निन्टेन्डो कंपनीने काढलेला खेळ. आमच्या पिढीने तो टीव्हीला कॅसेटचा डबा जोडून खेळला आहे.

“राजकन्या सुटली का रे?”

“कधीच सुटली, फादर.”

“मग पुन्हा कशाला?”

तो नुसता हसला.

राजकन्या सुटली की ती आभार मानते आणि नवी मोहीम देते. जगे तीच आठ, रस्तेही तेच. फक्त साध्या शत्रूंच्या जागी कवचाचे किडे येतात, त्यांना आगीचा गोळाही लागत नाही. कष्ट वाढले, बक्षीस मात्र वाढले नाही. तरी मुले खेळतात.

ॲरिस्टॉटल दोन प्रकारच्या क्रिया सांगतो. घर बांधणे ही एक. घर उभे राहिले की ती संपते. पाहणे ही दुसरी. ती प्रत्येक क्षणी पूर्णच असते, म्हणून ती आणखी करता येते. सेमिनरीत हे आम्ही परीक्षेपुरते पाठ केले होते. त्या मुलाच्या हसण्यात मला ते पुन्हा सापडले. पहिल्यांदा तो राजकन्येसाठी खेळला, आता खेळण्यासाठी खेळतो. (खेळात सद्‌गुण असू शकतो, असे संत थॉमस अक्वायनसनेही लिहून ठेवले आहे. अर्थात प्रमाणात! पालकांनी घाबरू नये.)

पण मोबाईलवरचे काही खेळ रोज हजेरी लावली तर नाणी देतात. एक दिवस चुकला की साखळी तुटते. तिथे मूल आनंदाने परतते की साखळीच्या धाकाने, हे बाहेरून कळत नाही.

इथे मला आपला धर्मशिक्षण वर्ग आठवतो. दृढीकरण होईपर्यंत आपण मिस्साच्या कार्डावर सही घेतो. दृढीकरण झाले की पुढची बाके रिकामी. मुले बिघडली, असे आपण म्हणतो. मला तसे वाटत नाही. संस्कार म्हणजे पार करायचा टप्पा, हे आपणच त्यांना शिकवले. त्यांनी तो पार केला.

मात्र मजा येत नाही म्हणून येणे खोटे, असेही नाही. वर्षानुवर्षे कोरड्या मनाने पहाटेच्या मिस्साला येणाऱ्या आया मला ठाऊक आहेत. त्या कोणत्याही कार्डासाठी येत नाहीत. वेदीवर उभा असताना माझेच मन कधी कधी छपराच्या खर्चात असते, तेव्हा त्या मला सावरतात.

यंदाच्या दृढीकरण वर्गाला कार्ड नको, असे मी शिक्षकांना सांगितले आहे. काही पालक नाराज आहेत. “मग मुले येणार कशी, फादर?” असे विचारतात. पहिले काही रविवार कमी येतील, हे मलाही दिसते आहे. तरीही कार्ड छापलेले नाही.

– आपला धर्मगुरू