लांबवलेला क्षण, गाळलेली वर्षं

संभाजीराजांवरचा 'छावा' 14 फेब्रुवारी 2025ला प्रदर्शित झाला आणि महिन्याभरात चर्चा सिनेमाची उरलीच नाही. लेझीमचं दृश्य काढलं ते योग्य झालं का, शिर्के घराण्यावर अन्याय झाला का, खुलताबादची औरंगजेबाची कबर राहावी की जावी, गल्ला किती जमला. यातल्या एकाही वादात उतरायला सिनेमा पाहायची गरज नव्हती. नागपूरच्या मार्चमधल्या दंगलीचं खापर त्याच्यावर फोडणारे आणि त्याला इतिहासाचं पाठ्यपुस्तक मानणारे, दोघांनाही पडद्यावर काय आहे याचं सोयरसुतक नाही. मोशी-चिखलीला लागून वाहणारी इंद्रायणी पुढे आळंदीवरून, जिथे संभाजीराजांचा अंत झाला त्या तुळापूरला जाऊन भीमेला मिळते. या काठावर राहणाऱ्याला तरी एवढ्यावर भागवता येत नाही.

पडद्यावर काय आहे? बुऱ्हाणपूरच्या छाप्यात राजे खड्ड्यात पडतात आणि सिंहाचा जबडा हातांनी फाडतात. संगमेश्वरला साखळदंडांनी जखडलेले असतानाही ते झुंजत राहतात. प्रत्येक घाव संथ गतीत येतो, रक्ताचा थेंबन्‌थेंब मोजून घ्यावा इतका संथ. दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर मुळात कॅमेऱ्यामागचे माणूस आहेत आणि चौकट कशी भरायची हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. म्हणून हिंसा जास्त झाली अशी माझी तक्रार नाही. युद्ध हिंसकच असतं. माझी तक्रार काळाबद्दल आहे. क्षण लांबवणं वेगळं आणि काळ दाखवणं वेगळं. या सिनेमाने पहिल्याची कमाल केली आणि दुसऱ्याकडे पाठ फिरवली.

संभाजीराजांचं युद्ध ही मुळात काळाची गोष्ट आहे. 1681च्या अखेरीस औरंगजेब दक्षिणेत उतरला. 1682पासून नाशिकजवळचा रामशेज हा लहानसा गड मुघलांना काही वर्षं दाद देत नव्हता. एकीकडे सिद्दी, एकीकडे पोर्तुगीज, आणि घरात फितुरी. इतक्या आघाड्या एकाच वेळी वर्षानुवर्षं पेलणं, दारूगोळा, वैरण, पगार, हेर यांची तजवीज करत राहणं, हा त्या माणसाचा पराक्रम होता. सिनेमात ही वर्षं झरझर निसटतात आणि भाला मात्र हवेत तरंगत राहतो.

लांब कशाला, चाकणचंच घ्या. शिवाजीराजांच्या काळात, 1660च्या पावसाळ्यात मुघल सरदार शाएस्तेखानाने तिथल्या संग्रामदुर्गाला वेढा घातला. डोंगराचा आधार नसलेला भुईकोट, आत किल्लेदार फिरंगोजी नरसाळा आणि मोजकी माणसं. तरी जवळजवळ दोन महिने किल्ला पडला नाही. शेवटी खानाने सुरुंग लावून बुरूज उडवला. त्या दोन महिन्यांत तलवारीला तलवार भिडण्याचे प्रसंग थोडेच असतील. बाकी सगळं भिजकी दारू जपणं, पडलेली भिंत रातोरात उभी करणं, धान्य पुरवून खाणं. किल्ला गेला, पण एका भुईकोटापायी एवढी किंमत मोजल्यावर सह्याद्रीतले गड वेढायची हौस खानाला उरली नाही. आज कारखान्यांच्या गाड्यांच्या गर्दीत संग्रामदुर्गाचे तट आणि बुरूज कसेबसे उभे आहेत.

आता एका मताचा समाचार घेतला पाहिजे, कारण ते चांगली, विचारी माणसंही मांडतात. ती म्हणतात, यातना डोळ्यांनी पाहिल्याशिवाय बलिदानाची किंमत कळत नाही, तेव्हा शेवटचा छळ एवढा सविस्तर दाखवणं गरजेचंच होतं. चित्रपटगृहातल्या अश्रूंबद्दल मला शंका नाही, ते खरे होते. पण ते कशासाठी आले? तापलेली सळई कोणाच्याही डोळ्यांत गेली तरी पाहणाऱ्याचं काळीज हलतं. शेजारी बांधलेल्या, राजांचे सोबती कवी कलश यांचं शरीरही तेच सोसत होतं. शरीराच्या वेदनेत माणूस कोण हे दिसत नाही. काय पणाला लागलं होतं हे आधी कळलं, तरच काय गेलं हे कळतं. संभाजीराजांच्या कारकिर्दीतल्या त्या आठ वर्षांचं वजन जाणवलं नसेल, तर शेवटच्या प्रसंगातून आपल्याला एका राजाचे हाल समजतात, त्या राजाने काय राखलं होतं ते समजत नाही.

कोणी म्हणेल, क्षण असा लांबवणं ही तर पोवाड्याची परंपरा. अजिबात नाही. अज्ञानदासाचा अफझलखानवधाचा पोवाडा पाहा. खानाची वाटचाल, वकिलांची बोलणी, भेटीची तयारी यांवर शाहीर रेंगाळतो. वार पटकन होतो. थांबायचं कुठे आणि पुढे सरकायचं कुठे, हे त्याला नेमकं कळत होतं.

विशेष म्हणजे या सिनेमात काळ एका माणसाच्या वाट्याला आला आहे, आणि तो म्हणजे औरंगजेब. संभाजी हाती लागेपर्यंत मुकुट घालणार नाही म्हणून बोडक्या डोक्याने वावरणारा, शांतपणे विणकाम करत बसलेला अक्षय खन्नाचा म्हातारा बादशहा पाहताना वर्षं सरल्याची जाणीव होते. तो झिजतो, कंटाळतो, वाट पाहतो. संभाजीराजे साकारणाऱ्या विकी कौशलने जीव ओतून काम केलं आहे, पण त्याच्या राजाला वाट पाहण्याची मुभाच दिलेली नाही. शत्रूला काळ दिला आणि राजाला फक्त क्षण. ही दिग्दर्शकाची निवड आहे, आणि ती चुकली.

छळाच्या दृश्यांनाही हेच लागू होतं. राजे 1 फेब्रुवारी 1689ला पकडले गेले, तुळापूरला अंत झाला 11 मार्चला. मधे पाच आठवड्यांहून जास्त काळ गेला. त्यातली प्रत्येक सकाळ औरंगजेबाला पुन्हा नाही म्हणण्याची होती, आणि आदल्या दिवशी नाही म्हणण्याचे परिणाम भोगलेल्या माणसाने म्हणण्याची. सिनेमात हे दिवस एका सलग छळात विरून जातात. 'टपाल'सारखा संथ, माणसांजवळचा चित्रपट केलेल्या दिग्दर्शकाला हे दिवस वेगवेगळे दाखवता आले असते. प्रेक्षक एवढा वेळ थांबत नाही, ही सबब मला पटत नाही. चाकणच्या प्रेस शॉपमध्ये रात्रपाळी काढून आलेला माणूस तिकीट काढून तीन तास बसतो. तगून राहणं म्हणजे काय, हे त्याला माहीत आहे.