चित्राच्या कडेचे मूल



अमेरिकेतील येल विद्यापीठाचे नाव आपण ऐकलेले असते. ज्याच्यावरून ते नाव पडले तो एलिहू येल १६८७ ते १६९२ या काळात मद्रासचा गव्हर्नर होता. त्या काळी मद्रासच्या बंदरातून गुलामांचा व्यापार चालत असे. पुढे इंग्लंडमध्ये, १७१९ च्या सुमारास, येल व त्याच्या आप्तांचे एक चित्र काढण्यात आले. मोठी माणसे मेजाशी बसली आहेत, मागे घरची मुले खेळत आहेत. एका कडेला साधारण दहा वर्षांचा एक काळा मुलगा सेवेसाठी उभा आहे. त्याच्या गळ्यात कुलूप लावलेले चांदीचे कडे आहे. त्याचे नाव कुठेही सापडत नाही.

टायटस काफर या कृष्णवर्णीय अमेरिकन चित्रकाराने २०१६ मध्ये हेच चित्र नव्याने काढले. मोठी माणसे त्याने चुरगळून टाकली आणि त्या मुलाच्या चेहऱ्याभोवती सोनेरी चौकट बसवली. गळ्यातले कडे काढले. आता तो मुलगा थेट आपल्याकडे पाहतो. मुलाचे नाव चित्रकाराला परत देता आले नाही. चेहरा मात्र देता आला.

आपण म्हणू, गेले ते गेले, आता उकरून काय उपयोग? बापाच्या पापाचा दोष मुलावर येत नाही, हे यहेज्केल संदेष्ट्यानेच सांगितले आहे. ते खरेच आहे. पण आपल्या गावची एक साधी गोष्ट आठवू या. बापाचे शेत मुलाच्या नावावर चढते, तेव्हा सातबारावरचा बोजाही त्यासोबत येतो. कर्ज मुलाने काढलेले नसते, तरी शेत हवे आणि बोजा नको, असे त्याला म्हणता येत नाही. दोष वारशाने येत नाही. देणे मात्र येते.

गडचांदूरच्या परिसरात हे समजायला दूर जावे लागत नाही. पाडव्याला सालगडी ठरायचा, उचल घ्यायचा, आणि उचल फिटली नाही की पुढचे सालही तिथेच जायचे. बापामागे पोरगाही त्याच घरची गुरे राखायचा. वेठबिगारी कायद्याने १९७६ मध्ये बंद झाली. पण कायद्याने माणूस सुटतो, आठवण सुटत नाही. आपल्यापैकी काहींचे आजे-पणजे वाड्याच्या ओसरीवर बसलेले होते, तर कित्येकांचे त्या ओसरीच्या कडेला उभे होते. कडेला उभे असलेल्यांच्या नातवंडांनी लाज बाळगण्याचे कारण नाही. लाज त्या व्यवस्थेची आहे.

ख्रिस्तसभाही यातून सुटलेली नाही. पोर्तुगीज अमलात गोव्यातील ख्रिस्ती घरांत गुलाम होते. पोप जॉन पॉल दुसरे १९९२ मध्ये आफ्रिकेतील गोरे बेटावर गेले. गुलामांना जहाजात चढवण्याची जागा म्हणून ते बेट ओळखले जाते. तिथे त्यांनी ख्रिस्ती लोकांच्या हातून घडलेल्या या पापाबद्दल देवाची क्षमा मागितली. तो व्यापार त्यांनी स्वतः केला नव्हता. तरीही घर आपले म्हटले की घराचे देणेही आपले, हे त्यांनी जाणले.

मग देणे फेडायचे कसे? जक्कयाकडे पाहू या. प्रभू येशू घरी आला तेव्हा तो नुसता रडला नाही. त्याने हिशेब केला आणि ज्यांचे घेतले होते त्यांना परत द्यायला उठला. आपणही घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारू या: आपल्याकडे कोण राबत होते? त्यांचे नाव काय? त्यांची मुले-नातवंडे आज कुठे आहेत? पहाडावरच्या गुड्यात कोणी असेल तर त्यांच्या दारी जाऊन बसू या. एखाद्या मुलीचे शिक्षण अडले असेल, एखाद्याची मजुरी बुडाली असेल, तर ते आपल्या देण्यात धरू या. त्याला दान म्हणू नये.

आणि आजचे चित्रही तपासू या. चहाच्या टपरीवर कप विसळणारा, लग्नघरी भांडी घासणारी, आपल्या फोटोच्या कडेला अर्धवट आलेली मुले आपल्याला दिसतात का? येत्या आठवड्यात अशा एका मुलाला त्याचे नाव विचारू या. प्रभू त्याला नावाने ओळखतो. आपण अजून विचारलेलेही नाही.