मागून येणारा

गेल्या पौषातली गोष्ट. मंचरहून घोडेगावकडे आम्ही दोघं नवरा-बायको दुचाकीवर निघालो होतो. रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते. थंडी कानात शिरत होती आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना डोक्यावरून गेलेला ऊस होता. समोरून आलेल्या ट्रकच्या उजेडाने डोळे दिपले आणि त्याच क्षणी पुढचं चाक कशावर तरी धाडकन आदळलं. गाडी हेलकावली, पण पडली नाही. थांबून मोबाइलच्या उजेडात पाहिलं, तर डांबरावर सहा धोंडे होते, अर्धगोलात नीट मांडून ठेवलेले. त्यांच्या पुढे तेलाचा ओला डाग आणि पाचटाचा चुरा पडला होता.

काय घडलं असेल ते कळायला वेळ लागला नाही. उसाची ट्रॉली तिथे नादुरुस्त होऊन उभी राहिली असणार. मागून कुणी धडकू नये म्हणून चालकाने बांधावरचे दगड आणून लावले. मग मिस्त्री आला, काम झालं, ट्रॅक्टर सुरू झाला आणि निघून गेला. दगड तिथेच राहिले.

आमची रिम वाकली होती आणि ट्यूब फुटली होती. जुन्नर-आंबेगावात राहणाऱ्याला उसाच्या कडेला अंधारात उभं राहणं म्हणजे काय, हे सांगावं लागत नाही. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे, ते आमच्याच भागात, आणि ते उगाच नाही. माझी बायको काही बोलत नव्हती, पण तिने माझी बाही घट्ट धरली होती. मी मात्र मोठ्याने बोलत होतो. त्या अनोळखी ट्रॅक्टरवाल्याला मी त्या दहा मिनिटांत काय काय म्हणालो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मागून एक दुधाचा पिकअप आला आणि थांबला. पंचविशीतला मुलगा खाली उतरला. ‘काका, लागलं का कुठं? काकूंना?’ एवढं विचारून त्याने आमच्याकडे नीट पाहून घेतलं. मी त्याला रिम दाखवायला लागलो, तर तो म्हणाला, ‘आधी धोंडे काढू. गाडीचं मग बघू. मागून कोणीतरी येईल.’

हे शेवटचं वाक्य तेव्हापासून माझ्याबरोबर आहे.

रस्त्यावर असताना आपली नजर पुढे असते, आणि तक्रारही पुढच्याचीच असते. पुणे-नाशिक रस्त्याने चाकणला अडकलेला माणूस पाहा. पुढचा हलत नाही म्हणून तो हॉर्न वाजवतो. पुढच्याने मधेच गाडी घातली, पुढच्याने दिवा न दाखवता वळवली, पुढच्याने खिडकीतून थुंकलं. त्याची सगळी गाऱ्हाणी खरी असतात. पण आपणही कुणाच्या तरी पुढे आहोत, ही जाणीव आपल्याला क्वचित होते. मागच्याला पाहायला गाडीला तीन आरसे असतात. ते आपण बहुतेक वेळा कोण ओव्हरटेक करतोय एवढ्यासाठीच पाहतो. आपण सोडून आलेल्या रस्त्याचं काय झालं, हे त्या आरशांत दिसत नाही.

त्या ट्रॅक्टरवाल्यावर मी रागावलो, पण नंतर विचार केला तेव्हा राग तसाच टिकला नाही. शिरोलीचा विघ्नहर काय, पारगावचा भीमाशंकर काय, कारखाना सुरू झाला की ऊस पोचवायची एकच घाई असते. वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात. तोडलेला ऊस वाळत जातो आणि वाळला की वजन घटतं. म्हणजे रस्त्यात गेलेला प्रत्येक तास त्याच्या मजुरीतून जातो. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, एखादा बेअरिंग जाम होतो, मिस्त्री दोन तासांनी येतो, तोवर हा उघड्यावर कुडकुडत बसलेला. काम झाल्यावर किल्ली फिरवून निघून जावंसं कुणालाही वाटेल. दगड लावले तेव्हा त्याच्या मनात मागून येणारा होता. म्हणजे चांगुलपणा नव्हता असं नाही. अडचण होती तोवर तो टिकला, अडचण सरली आणि मागचा माणूस मनातून पुसला गेला. माझं दुखणं नेमकं इथे आहे. आपण वाईट असतो म्हणून दगड राहतात असं नाही. आपली सुटका झाली की गोष्ट संपली, असं आपल्याला वाटतं, म्हणून ते राहतात.

चारचाकीबरोबर लाल परावर्तक त्रिकोण मिळतो. तो कित्येकांच्या डिकीत प्लॅस्टिकमधून बाहेरही निघालेला नसतो. हंगामाच्या सुरुवातीला ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावण्याच्या मोहिमा होतात, त्या चांगल्याच आहेत. पण आठ-दहा खेपा झाल्या की चिखल आणि पाचट त्यांवर बसतं, आणि फडक्याचा एक हात मारला तर पुन्हा चमकतील अशा त्या पट्ट्या मार्चपर्यंत काळ्याच राहतात. कायदाही आहे. 1988च्या मोटार वाहन कायद्याचं 122वं कलम धोकादायक रीतीने वाहन उभं करण्याविरुद्ध आहे. सार्वजनिक वाटेत अडथळा करणाऱ्याला 1860च्या दंडसंहितेत दोनशे रुपयांपर्यंत दंड होता. 2024मध्ये भारतीय न्याय संहिता लागू झाली, तेव्हा तो पाच हजारांपर्यंत गेला. पण दगडावर नाव नसतं. नंबर प्लेट घेऊन वाहन निघून गेलेलं असतं. म्हणून हा प्रश्न पोलिसाच्या वहीपर्यंत पोचतच नाही, तो ज्याच्या त्याच्या मनाशीच राहतो.

पावसाळ्यात हेच दुसऱ्या रूपात होतं. वावरातून निघालेला ट्रॅक्टर डांबरावर येतो आणि टायरमधली काळी माती शंभर-दोनशे फूट सांडत जातो. वरून भुरभुर पडली की तिथे दुचाकी उभी राहत नाही. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो वेळेत पोचला नाही तर भाव उतरतो, हे मला ठाऊक आहे, मीही शेतकऱ्याच्याच घरातला. पाइपलाइन न्यायला रस्ता आडवा खोदतात, रात्रीतून पाइप टाकतात आणि वर भुसभुशीत माती लोटून मोकळे होतात. पहिल्या पावसात माती खचते आणि तिथे कायमचा चर पडतो. पाणी एका वावराला मिळतं आणि हिसका साऱ्या गावाच्या कमरेला बसतो. ज्याला तो बसतो तो कोण? शेतीची वीज रात्रीची असली की एक वाजता पाणी धरायला निघालेला कुणाचा तरी बाप असतो. बाळंतिणीला घोडेगावच्या नाही तर मंचरच्या दवाखान्यात नेणारी जीप असते. आंबेगावच्या पश्चिम भागातल्या वाड्यांवरून शाळेला येणारी, एकाच सायकलवर बसलेली दोन पोरं असतात.

इथवर मी दुसऱ्यांचं लिहिलं. आता माझं.

दोन वर्षांपूर्वी आमच्या घराची गच्ची गळत होती. पावसाळ्याच्या तोंडावर गवंडी मिळणं किती अवघड असतं, ते ज्याचं घर गळतं त्याला विचारावं. बादल्या लावून, भिंतीवरची ओल रोज बोटाने चाचपून मी कंटाळलो होतो. शेवटी काम झालं आणि गच्ची कोरडी राहिली. त्या आनंदात दारापुढे गल्लीत राहिलेला खडीचा आणि क्रश सँडचा ढीग मी ‘उचलू उद्या’ म्हणत तसाच ठेवला. तीन आठवडे गेले. पाऊस झाला, ढीग पसरला, बारीक खडी उतारावरून वळणापर्यंत गेली. एका सकाळी कॉलेजला निघालेल्या मुलीची स्कूटर त्या वळणावर घसरली. मी खिडकीतून पाहिलं. तिचं कोपर सोललं होतं, ओढणी चिखलात गेली होती. मी चपला शोधून बाहेर येईपर्यंत तिने स्वतःच गाडी उचलली होती आणि ती निघून गेली. जाताना तिने आजूबाजूच्या दारांकडे एकवार पाहिलं. कोणत्या दाराला बोल लावायचा हे तिला कळलं नाही. मला कळत होतं. त्या दिवशी मी खराटा आणि घमेलं घेऊन सगळं गोळा केलं, पण तिची माफी मागायची राहून गेली ती राहूनच गेली. मंचर रस्त्यावर त्या ट्रॅक्टरवाल्याला शिव्या देताना ती मुलगी मला आठवली नव्हती, आणि मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे.

मागच्याला सांगणं ही आपल्याकडची जुनी रीत आहे. माळशेज घाटात पावसात दरड आली की समोरून येणारा ट्रकवाला दिवे उघडझाप करतो, हात बाहेर काढून ‘सावकाश’ अशी खूण करतो. त्याचं स्वतःचं तर पार पडलेलं असतं. 30 जुलै 2014 ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गेलं, 151 माणसं गेली. संततधार पावसात त्या सकाळी बाहेरच्या जगाला हे कळलं ते नेहमीच्या फेरीला आलेल्या एसटीच्या चालकामुळे. रोजचं गाव त्याला जागेवर दिसलं नाही. त्याने खबर दिली आणि मदत निघाली. आपल्या वाटेवर जे दिसलं ते आपल्यापाशीच न ठेवता त्याने पोचवलं. फार मोठ्या दुःखाच्या जागी मी हे उदाहरण घेतो आहे, याचं भान मला आहे. पण मागे वळून सांगणं म्हणजे काय, हे मला त्याहून स्पष्ट कुठे दिसलेलं नाही.

आणि जुन्नर तर वाटांचंच गाव. कोकणातून नाणेघाट चढून माल यायचा तो इथे. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा म्हणून लोक आजही दाखवतात. शेजारच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, आणि वाटेवर खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. जुन्नरच्या परिसरात दोनशेहून जास्त लेणी आहेत. त्यांतल्या एका छोट्या लेखावर माझा फार जीव आहे. इरिल नावाच्या एका यवनाने दोन पोढी दान दिल्या, एवढंच त्यात आहे. पोढी म्हणजे पाण्याचं कोरीव टाकं. हा इरिल इथला की समुद्रापलीकडून आलेला, यावर विद्वान बोलत राहतील. मला एवढं दिसतं की त्याने खडक कोरून पाण्याला जागा केली. ते पाणी पिणारा प्रत्येक जण त्याच्या मागून येणार होता, आणि त्यातल्या बहुतेकांचं तोंड तो पाहणार नव्हता. आम्हीही वाटेवर दगडच ठेवून जातो.

असल्या लहानसहान गोष्टींत नीती कसली शोधायची, असं मला एका मित्राने विचारलं. देशापुढे एवढे प्रश्न असताना तुम्ही खडी आणि धोंड्यांवर स्तंभ लिहिता. मला वाटतं, मोठ्या प्रश्नांत आपण कुणाच्या बाजूचे आहोत हे सांगायला तोंड पुरतं. धोंडा उचलायला वाकावं लागतं, तेही कुणी बघत नसताना, आपलं काम झालेलं असताना, घरी जायला उशीर होत असताना. ज्याच्यासाठी वाकायचं तो अजून दोन किलोमीटर मागे असतो. कदाचित तो येणारही नाही. आला तरी त्याला काही कळणार नाही, कारण न लागलेल्या ठेचेबद्दल कुणी कुणाचे आभार मानत नाही. असं काम माणूस करतो की नाही, यावरून मला त्याच्याबद्दल जेवढं समजतं, तेवढं त्याच्या भाषणावरून समजत नाही.

त्या रात्री त्या मुलाने सहाही धोंडे उचलून उसाच्या बांधाला नेऊन टाकले. रस्त्याकडेच्या गटारात लोटणं सोपं होतं. मी तसं म्हटलंही, तर तो म्हणाला, ‘पावसाळ्यात पाणी तुंबल की, काका.’ मग आमची दुचाकी आम्ही दोघांनी मिळून पिकअपमध्ये कॅनांच्या शेजारी चढवली, दोरीने बांधली आणि तिघंही केबिनमध्ये दाटीवाटीने बसलो. घोडेगावला माझ्या भाच्याकडे आम्हाला सोडतो म्हणाला, वाटेतच आहे. दुधाला उशीर होत होता, हे तो सारखं घड्याळाकडे पाहत होता त्यावरून कळत होतं.

दीड-दोन किलोमीटर गेलो असू. वळणावर त्याने ब्रेक दाबला. दिव्यांच्या उजेडात रस्त्याच्या मधोमध उसाची एक आख्खी मोळी पडलेली दिसली, ट्रॉलीतून सुटलेली. बाजूने गाडी सहज निघाली असती. तो दार उघडून उतरला, मोळीपाशी वाकला. मोळी जड होती. मी पलीकडून उतरलो आणि दुसरं टोक धरलं.