समोरचा रुग्ण आणि पुढचा रुग्ण

आयसीयूतल्या अँटिबायोटिकांबद्दल बोलताना एक नैतिक पेच हमखास टाकला जातो: मरणाच्या दारात असलेल्या रुग्णाला सगळ्यात जबर औषध द्यायचे, की उद्याच्या अनोळखी रुग्णासाठी ते राखून ठेवायचे? प्रश्न असा विचारला की उत्तर ठरलेलेच. अजून आजारीही न पडलेल्या माणसासाठी समोरच्याला वाऱ्यावर सोडा, असे कोण म्हणेल? माझ्या मते मात्र या प्रश्नात रुग्णाचे आतडे धरलेलेच नाही. निरोगी आतड्यात प्राणवायूविना जगणारे जीवाणू बहुसंख्य असतात. जागा आणि अन्न त्यांनी अडवलेले असल्यामुळे क्लेब्सिएलासारख्या उपद्रवी जीवाणूंना तिथे सहसा पाय रोवता येत नाहीत. मेरोपेनेमसारखे जबर अँटिबायोटिक सुरू झाले की फुप्फुसातल्या जंतूंबरोबर हे राखणदारही मरतात आणि मोकळ्या जागेत औषधाला न जुमानणारे माजतात. ते शेजारच्या खाटेवर पोहोचतील कुणाच्या तरी न धुतलेल्या हातावरून. त्याच रुग्णाच्या रक्तात उतरायला त्यांना तेवढाही प्रवास नको. गरज नसलेल्या डोसची किंमत पुढच्या रुग्णाआधी समोरचाच मोजतो.

यावर कुणी नेदरलँड्सचा दाखला देईल, आणि तो भक्कम आहे. तिथे कोलिस्टिन, टोब्रामायसिन आणि अँफोटेरिसिन-बी यांचा लेप रुग्णाच्या तोंडात लावतात, तीच औषधे नळीने पोटात सोडतात आणि पहिले चार दिवस शिरेतून सेफोटॅक्सिम देतात. १३ आयसीयूंमधल्या सुमारे ६,००० रुग्णांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. रुग्णगटांमधले फरक हिशेबात घेतल्यावर २८ दिवसांतले मृत्यू शंभरामागे साडेतीनने कमी भरले. म्हणजे आतड्यावर औषधांचा मारा करून जीव वाचले! वाचले खरे, पण तो मारा बेछूट नव्हता. प्राणवायूविना जगणारे जीवाणू शक्यतो टिकावेत, अशा बेताने ती औषधे निवडलेली असतात. शिवाय त्या देशात प्रतिकारक्षम जंतू मुळातच कमी. असे जंतू जास्त असलेल्या युरोपीय आयसीयूंमध्ये लेप आणि नळीची हीच औषधे वापरून पाहिली, तेव्हा त्या जंतूंचा रक्तसंसर्ग लक्षणीय कमी झाला नाही. हा निष्कर्ष २०१८ चा. मेरोपेनेम ज्या गटातले, त्या कार्बापेनेम औषधांना दाद न देणारा क्लेब्सिएला जिथे रोजचाच झाला आहे, त्या आपल्या आयसीयूंनी डच यश जसेच्या तसे उचलण्यात अर्थ नाही.

तरी पेच पुरता सुटत नाही. जंतुसंसर्गाने रक्तदाब कोसळलेल्या रुग्णाबाबत पहिल्या तासात थांबायला वेळ नसतो. तिथे जबर औषध द्यावेच. खरी कसोटी तिसऱ्या दिवशी, कल्चर रिपोर्ट हाती आल्यावर. साधे औषध पुरेल असे त्यात लिहिलेले असते, तरी मेरोपेनेम चालूच राहते, कारण औषध चालू ठेवल्याचा जाब कुणी विचारत नाही. औषध लवकर थांबवण्यावर ‘अर्धवट कोर्सने प्रतिकार वाढतो,’ हा आक्षेप जुना आहे; पण कमी दिवसांचा कोर्स म्हणजे अर्धवटच, असे नाही. २०२४ च्या ‘बॅलन्स’ चाचणीत रक्तसंसर्ग झालेले ३,६०८ रुग्ण होते, निम्म्याहून अधिक आयसीयूतले. सात दिवसांचा उपचार चौदा दिवसांपेक्षा कमी पडला नाही: ९० दिवसांतले मृत्यू १४.५ टक्के, चौदावाल्यांत १६.१. स्टॅफिलोकॉकस ऑरियसचा संसर्ग किंवा हृदयाच्या झडपेचा संसर्ग यांना हे लागू नाही, तिथे लांबच उपचार हवा. बाकी ठिकाणी आयसीयूच्या दाराशी बसलेल्या नातेवाइकांनी ‘आणखी भारी औषध नाही का?’ याऐवजी ‘हे कधी थांबवणार?’ असे डॉक्टरांना जरूर विचारावे.