तळाशी गेलेले मासे

आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय २, श्लोक १४



आजच्या श्लोकाचा सरळ अर्थ असा. भगवंत अर्जुनाला सांगतात की, इंद्रियांचा बाहेरच्या जगाशी संबंध आला की थंडी-ऊन, सुख-दुःख हे जाणवणारच. ते येतं आणि जातं. कायमचं काही राहत नाही. म्हणून अर्जुना, तू ते सहन कर. या सहन करण्यालाच आपल्या शास्त्रात तितिक्षा म्हणतात. वेदान्तात साधकाची जी षट्संपत्ती सांगितली आहे, शम, दम, उपरति, तितिक्षा, श्रद्धा आणि समाधान, त्यातली ही चौथी.

हा श्लोक मला शाळेपासून पाठ आहे. अर्थ मात्र मागच्या हिवाळ्यात कळला, आणि तोही आमच्या अंगणातल्या हौदापाशी. आजचं चिंतन थोडं घरगुती आहे, चालवून घ्या.

बाहेरच्यांना वाटतं बुलढाणा म्हणजे विदर्भ, म्हणजे नुसतं ऊन. पण आमच्या जिल्ह्याचे दोन भाग. मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव हे घाटाखाली. चिखली, मेहकर, बुलढाणा हे घाटावर. आमचं गाव चिखली तालुक्यात. इथं पौषात पहाटे असं हिव वाजतं की गोधडीतून हात बाहेर काढवत नाही. रात्री पारा कधी १० अंशांच्या खाली उतरतो.

अंगणात सिमेंटचा जुना हौद आहे, अडीच फूट खोल. आईने त्यात कुमुदिनी लावली होती. बाबांनी शेततळ्यात रोहू-कटल्याची बोटुकली सोडली, तेव्हा त्यातली बावीस पिल्लं तिने घागरीतून घरी आणून या हौदात टाकली. संध्याकाळी ती मुरमुरे टाकायची आणि मासे तिच्या बोटांपर्यंत यायचे.

मागच्या वर्षी दसऱ्याच्या आधी आई गेली.

मी लॅपटॉप घेऊन गावीच थांबलो. बाबा बोलेनासे झाले. जेवायचे अर्धी भाकर, आणि दिवसभर हौदाच्या काठावर बसून राहायचे. तेरावं झाल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी मी त्यांच्यासमोर गीता उघडली आणि हाच श्लोक वाचून दाखवला. अर्थही सांगितला, दुःख येतं आणि जातं, सहन करायचं असतं. बाबांनी ऐकून घेतलं, उठले आणि शेताकडे निघून गेले. मला वाटलं, यांना अजून कळत नाही.

मग पौष आला. एका सकाळी बघतो तर हौदात मासे दिसेनात. वाकून पाहिलं तर सगळे तळाशी, कल्ले हलतायत न हलतायत इतके स्तब्ध. मुरमुरे टाकले, एकही वर आला नाही. मी घाबरलो. आईचे मासे होते ते. काही थांबलं की ते बिघडलं असं समजायचं आणि रीस्टार्ट मारायचा, ही माझी धंद्याची सवय. दोन दिवस चणा-पीठ, गव्हाचा कोंडा, जे सुचेल ते टाकत राहिलो. तिसऱ्या दिवशी पहाटे वाटलं की पाणी फार गार आहे. बोअरचं पाणी हिवाळ्यात कोमट लागतं, हे आपल्याला माहीतच आहे. दया येऊन मोटर चालू केली आणि हौद अर्धा रिकामा करून कोमट पाण्याने भरला.

दुपारपर्यंत नऊ मासे उलटे झाले. दोन दिवसांत सतरा गेले.

मी हौदापाशी उभा होतो. बाबा आले, मेलेले मासे एकेक करून फडक्यात घेतले आणि कडुलिंबाखाली पुरले. मग कितीतरी दिवसांनी सलग बोलले. "बापू, तुही माय हिवायात त्यायले एक दाना नोती टाकत. हिव सरलं का येतीन वर. पानी नको हालवू."

मी म्हटलं, "बाबा, आधी सांगायचं ना."

"इचारलं कुठं तू मले?"

खरंच विचारलं नव्हतं. माशांचंही नाही आणि त्यांचंही नाही. मी फक्त उपाय करत होतो.

नंतर नीट वाचून काढलं, तेव्हा आईचं शहाणपण समजलं. माशाचं रक्त आपल्यासारखं गरम राहत नाही. पाणी जेवढं गार तेवढंच त्याचं अंग गार. रोहू-कटला २५ ते ३० अंशांच्या पाण्यात झपाट्याने वाढतात, पाणी २० च्या खाली गेलं की त्यांची भूक मंदावते. पचन मंद, हालचाल मंद. आपण त्याला आजार समजतो. खरं तर ती त्याची जगण्याची रीत आहे. खर्च कमी करून तो तळाशी जातो, कारण रात्री वरचं पाणी लवकर गार होतं आणि खोलातलं पाणी आपली ऊब बराच वेळ धरून ठेवतं. गार पाण्यात प्राणवायूही जास्त विरघळतो. ३० अंशाच्या पाण्यात लिटरमागे साधारण साडेसात मिलिग्रॅम, तर १० अंशाला अकराच्या वर. म्हणजे देवाने भूक काढून घेतली, पण श्वासाची सोय वाढवून ठेवली.

आणि मी काय केलं? न खाल्लेलं अन्न तळाशी सडलं, त्यातून अमोनिया झाला. बोअरच्या पाण्यात प्राणवायू कमी असतो, त्यात एका झटक्यात आठ-दहा अंशांचा फरक. माशांनी थंडी सोसली असती. माझी दया त्यांना सोसली नाही.

त्या रात्री मी पुन्हा गीता उघडली, पहिल्या अध्यायापासून. एक गोष्ट इतक्या वर्षांत माझ्या लक्षातच आली नव्हती. पहिल्या अध्यायात ४७ श्लोक आहेत. अर्जुनाचे हात कापतायत, तोंड कोरडं पडलंय, गांडीव गळून पडतंय, तो रथात खाली बसतो. या सगळ्यात भगवंत किती बोलतात? फक्त अर्धा श्लोक, आणि तोही एवढंच सांगायला की पार्था, हे जमलेले कौरव पाहा. पुढचं सगळं ते ऐकून घेतात. दुसऱ्या अध्यायात ते अर्जुनाला एकदा खडसावतात, हे खरं. पण 'सहन कर' हा उपदेश तेव्हा येतो, जेव्हा अर्जुन स्वतः म्हणतो की मी तुझा शिष्य आहे, मला सांग. आधी त्याचं ऐकणं, मग त्याचं विचारणं, आणि मग आपला आजचा श्लोक.

मी बाबांना थेट चौदावा श्लोक दिला. त्यांच्या पहिल्या अध्यायाला मी वेळच दिला नाही.

मंडळी, मला वाटतं आपल्या घराघरांत हे होतं. कोणी दुःखात असलं की आपण त्याला तितिक्षा शिकवायला जातो. पण भगवंत म्हणतात, तू सहन कर. ही आज्ञा ज्याची त्याला आहे. दुसऱ्याने किती सोसावं, किती दिवसांत बरं व्हावं, हे ठरवायचा अधिकार या श्लोकाने मला दिलेला नाही. उलट समोरच्याचं मौन मला बघवत नाही, ती माझी अस्वस्थता आहे, आणि तितिक्षा मला तिथं पाळायची आहे.

मग आपण काहीच करायचं नाही का? तसंही नाही. एक मित्र कॅनडात असतो. तिथं घरामागच्या तळ्यावर बर्फाचा थर धरतो. पाणी ४ अंशाला सगळ्यात जड असतं, ते तळाशी बसतं आणि बर्फ वर तरंगतो, म्हणून खाली मासे जगतात. तिथली माणसं बर्फात एक लहान भोक राखतात, म्हणजे तळाशी कुजणाऱ्या पानांचा वायू बाहेर जातो. पण ते भोक घण मारून पाडत नाहीत, त्या हादऱ्याने मासे मरू शकतात. गरम पाण्याचं भांडं बर्फावर ठेवून हळूहळू वितळू देतात. मला हे फार आवडलं. दुःखी माणसाभोवतीचा बर्फ फोडायचा नसतो, पण एक वाट उघडी ठेवायची असते. वेळेवर चहा. शेजारी बसणं. रोज एकच फोन, तोही प्रश्नांचा नाही. आणि हेही सांगतो, कोणी दिवसेंदिवस जेवत नसेल, जगण्याबद्दल वेडंवाकडं बोलत असेल, तर डॉक्टरांकडे न्यायला लाजू नका. हयगयीला तितिक्षा हे नाव देऊ नये.

संतवाङ्मयात कासवीच्या नजरेची उपमा वारंवार येते. कासवी पिल्लांना चोचीने भरवत नाही, पंखाखाली घेत नाही, तिच्या नुसत्या नजरेने ती वाढतात, अशी जुनी समजूत. देवाचं आपल्याकडे पाहणं तसं असतं, असं संत सांगतात. माझ्यासारख्या सारखा हात घालणाऱ्या माणसाला ही नजर शिकायला वर्षं लागणार आहेत.

आता दुसरी बाजू, आपल्या स्वतःच्या हिवाळ्याची. आमच्या शेततळ्यातले मासे त्याच थंडीत सुखरूप राहिले. मोठं काही कारण नाही. 'मागेल त्याला शेततळे' योजना २०१६ मध्ये आली, त्यातली तळी ३ मीटर खोल खणायची होती. हौद अडीच फूट. हिव सगळीकडे सारखंच होतं, फरक खोलीचा होता. आणि खोली कधी होते? उन्हाळ्यात, तळं कोरडं असताना. आपल्या जिल्ह्यातल्या तळ्यांचा गाळ आणि माती काढून महामार्गाच्या कामाला वापरली, तळी खोल झाली, ती गोष्ट 'बुलढाणा पॅटर्न' म्हणून देशभर गेली. तेही काम पाणी नसतानाचंच. पौषात कोणी तळं खणत नाही.

रोजचं नामस्मरण, हरिपाठ, चार ओव्यांचं वाचन, हे सुखाच्या दिवसांत निरर्थक वाटतं. "याने काय होतं?" असं मीही विचारायचो. याने खोली होते. दुःख आलं की जायला तळ असतो. बाबा हौदाच्या काठावर तीन महिने बसून होते, तेव्हा मला ते रिकामे वाटायचे. आज वाटतं, चाळीस वर्षांच्या वारीने जी खोली झाली होती, तिथं ते उतरून बसले होते.

उरलेल्या पाच माशांना आम्ही काहीच दिलं नाही. रात्री हौदावर तट्ट्या टाकायचो, उन्हं आली की काढायचो, गळालेली पानं वेचायचो. मी सकाळचं काम सुरू करण्याआधी अर्धा तास बाबांशेजारी बसायचो. गप्प.

होळीच्या आठवडाभर आधी एका दुपारी बाबांनी हाक मारली. "आले पाय वर." पाचही मासे उन्हात वर आले होते. बाबांनी घरातून मूठभर मुरमुरे आणले, त्यातले चार-पाचच दाणे टाकले, आणि आईने ती बोटुकली घागरीतून आणताना रस्त्यात तीन वेळा कशी उतरून पाहिली होती, ते सांगायला लागले. मी मध्ये बोललो नाही.

बावीसातले पाच उरले. ते सतरा माझ्या घाईने गेले, हे मी विसरत नाही.

आजचा अभ्यास : आपल्या ओळखीत कोणी सध्या तळाशी गेलं असेल, तर आज त्याला एकही सल्ला देऊ नका. दहा मिनिटं शेजारी बसा. आणि आपलं सगळं नीट चाललं असेल, तर आजचं नाम चुकवू नका.

हे पांडुरंगा, माझ्या वाट्याचं हिव मला सोसू दे. दुसऱ्याच्या हिवात त्याच्याजवळ बसायचं बळ दे. आणि माझे हात जरा आवर.

जय गजानन.