बाजूचा उजेड

देव डोळे मिटून दिसतो की उघडे ठेवून, या जुन्या वादात माझ्या पुतणीने परवा नकळत भर घातली. ती महाराष्ट्र एक्सप्रेसने गोंदियाहून कोल्हापूरला आणि तिथून तारकर्लीला निघाली आहे, पर्यटन महामंडळाच्या संस्थेत स्कूबा शिकायला. दोन मास्कचे फोटो पाठवून तिने विचारलं, "मोठ्याई, पारदर्शक घेऊ का काळा?" मी अर्जुनी मोरगावला संस्कृत शिकवते. माझं पाणी नवेगावबांधच्या काठाशीच संपतं. पण माहिती वाचत गेले, तसा प्रश्न ओळखीचा वाटू लागला.

काच दोन्ही मास्कना सारखीच. वेगळी असते ती काचेभोवतीची, चेहऱ्याला चिकटणारी सिलिकॉनची कड. पारदर्शक कडेतून बाजूने उजेड येतो, त्यामुळे कोंडल्यासारखं होत नाही आणि नवख्याला बरं वाटतं. त्या कडेतून मासा मात्र दिसत नाही, नुसता धूसर उजेडच. शिवाय ऊन मागून आलं की तोच उजेड काचेच्या आतल्या अंगावर पडतो आणि समोरच्या प्रवाळावर आपलेच डोळे तरळू लागतात. काळी कड हा उजेड अडवते. म्हणून पाण्याखाली फोटो काढणारे बहुधा काळाच मास्क घेतात.

योगसूत्रांच्या साधनपादात प्रत्याहार, म्हणजे इंद्रियं आवरून घेणं, हे पाचवं अंग. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात त्यासाठी अवयव आत ओढून घेणारं कासव येतं. आपण त्याचा अर्थ सरसकट 'जगाकडे पाठ फिरवा' असा करतो. काळा मास्क घातलेल्याची काच तर उघडीच असते. जग त्याच्यासमोर तसंच असतं. त्यावर पडणारी स्वतःची छाया तेवढी गेलेली असते. मला प्रत्याहार असा समजतो.

मग सगळ्यांनी काळाच घ्यावा? आपल्या परंपरेत अधिकारभेद आहे, म्हणजे ज्याची जशी तयारी तशी त्याची साधना, तो इथेच कामी येतो. पाण्याखाली घाबरलेला माणूस भराभर श्वास घेतो आणि टाकीतली हवा लवकर संपवतो. त्याला एकाग्रता शिकवून काय उपयोग? एक उजेड दाखवणारा असतो, एक धीर देणारा. अंगारा, ताईत, सोमवारचा उपास हे सगळं दुसऱ्या जातीचं. नवेगावबांधला एक म्हातारा ढिवर डोंगा लोटण्याआधी पाण्याला हात जोडायचा. त्याने गढूळ पाण्यातलं काही दिसत नसे, पण तो निवांत मनाने जाळं टाकी. धीरालाच ज्ञान म्हणून मिरवणारा चुकतो; आणि ज्ञानाच्या तोऱ्यात दुसऱ्याचा धीर हिसकावणारा त्याहून अधिक चुकतो.

पुतणीला लिहिलं: रंग नंतर. आधी पट्टा न लावता मास्क चेहऱ्याला टेकव, नाकाने हलकेच श्वास ओढ आणि हात सोड. पडला तर तो तुझा नाही. बसला, तर सुरुवातीला पारदर्शक घे. भीती मोडल्यावर काचेतले स्वतःचे डोळे खुपू लागतील, तेव्हा काळा.

तिचं उत्तर आलं, "म्हणजे दोन घ्यायचे!"

अधिकारभेद थोडा महागच पडतो.